निवृत्तीचा प्रश्न कोणाला विचारावा?

२०२५च्या जानेवारीत सिडनी कसोटीसाठी भारताचा संघ मैदानात उतरला तेव्हा त्याचा कर्णधार संघात नव्हता. तो जखमी नव्हता. स्वतःहून बाजूला बसला होता. त्या मालिकेतील तीन कसोटींच्या पाच डावांत मिळून रोहित शर्माच्या धावा झाल्या होत्या अवघ्या ३१. सामना चालू असतानाच दिलेल्या मुलाखतीत त्याने स्पष्ट केले, की ही निवृत्ती नव्हे. शिवाय, हातात माईक, लॅपटॉप किंवा लेखणी घेऊन बाहेर बसलेल्यांनी आपण केव्हा थांबावे हे ठरवायचे नसते, असेही त्याने सुनावले. पुढे चार महिन्यांनी, ७ मे २०२५ रोजी, तो कसोटी क्रिकेटमधून निवृत्त झाला. लेखणीवाल्यांना वाटले, आपलेच खरे झाले.

आम्हीही लेखणीवाल्यांपैकीच. बीडहून धाराशिवकडे जाणाऱ्या महामार्गावरच्या चौसाळ्यात राहून साहित्य शिकवणाऱ्यांचा क्रिकेटशी संबंध तो काय, असे कोणी विचारील. पण २०१२ साली ‘सचिनने आता थांबावे’ असे ठासून सांगणाऱ्यांत आम्ही होतो, आणि त्यासाठी लागणारी सगळी भाषा आम्ही साहित्यातूनच उचलली होती. आज मागे वळून पाहताना आमचे मत असे झाले आहे, की तेव्हाची आमची तक्रार रास्त होती. मात्र ती आम्ही भलत्याच माणसाकडे करीत होतो. तीच चूक रोहितच्या वेळी पुन्हा झाली आणि पुढच्या थकलेल्या खेळाडूच्या वेळीही होणार, म्हणून हा लेखनप्रपंच.

या वादात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले जातात. ‘या माणसाने खेळणे थांबवावे का?’ हा एक, आणि ‘या माणसाला संघात घ्यावे का?’ हा दुसरा. पहिल्याचे उत्तर देण्याचा अधिकार फक्त खेळाडूचा आहे. दुसऱ्याचे उत्तर देणे हे निवड समितीचे काम आहे, आणि त्या उत्तरावर खेळाडूचा कसलाही हक्क नाही. आपल्याकडे दुसरा प्रश्न विचारायचे धैर्य नसले, की पहिला मोठ्याने विचारला जातो.

‘लोक “का थांबलास?” असे विचारीत असतानाच थांबावे, “का थांबत नाहीस?” असे विचारू लागेपर्यंत वाट पाहू नये’ या आशयाचे एक वचन विजय मर्चंट यांच्या नावावर सांगितले जाते. प्रत्येक निवृत्तीच्या वेळी ते बाहेर निघते. मर्चंटांची अखेरची कसोटी १९५१ सालची, इंग्लंडविरुद्ध दिल्लीची. तीत त्यांनी १५४ धावा केल्या. शिखरावरून उतरण्याचा याहून सुंदर दाखला कोणता? पण त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना त्यांचा खांदा दुखावला आणि त्यांची कारकीर्द तिथेच संपली, हा तपशील सांगताना वगळला जातो. म्हणजे वेळ साधली ती विवेकाने नव्हे, दुखापतीने. चाळिशीतल्या मर्चंटांचा खांदा शाबूत राहिला असता तर ते पुढची मालिका खेळले नसते, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकेल काय?

दुसरा दाखला सुनील गावसकरांचा. मार्च १९८७, बंगळूर, पाकिस्तानविरुद्धची शेवटची कसोटी, चेंडू हातभर वळणारी खेळपट्टी आणि तीवरच्या ९६ धावा. तो डाव थोर होता यात शंका नाही. परंतु गावसकरांचे क्रिकेट त्या डावाशी संपले नाही. त्याच वर्षीच्या विश्वचषकात ते खेळले. नागपूरला न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी एकदिवसीय कारकिर्दीतले एकमेव शतक काढले आणि पुढे उपांत्य सामन्यात, घरच्या वानखेडे मैदानावर, इंग्लंडच्या डिफ्रीटसने त्यांचा त्रिफळा उडवला तो ४ धावांवर. भारत हरला. देशासाठी त्यांनी खेळलेला शेवटचा डाव तो. आपण मात्र ९६ पाठ करतो आणि ४ विसरतो. संपादकाने शेवटचे प्रकरण गाळून पुस्तक छापावे, तसे आपण त्यांच्या कारकिर्दीचे केले आहे.

असे का होते? आमच्या मते याचे मूळ खेळात नाही, आपल्या वाचनाच्या सवयीत आहे. नाटकाला भरतवाक्य हवे, कादंबरीचा शेवट सुरुवातीला अर्थ देणारा हवा, हे आपण वर्गात शिकवतो. आणि तीच अपेक्षा घेऊन जिवंत माणसाकडे पाहतो. त्याने आपल्या आठवणीतले चित्र डागाळू नये, एवढीच आपली काळजी असते. ‘त्याच्या प्रतिष्ठेसाठी सांगतो’ असे आपण म्हणतो, पण जपत असतो स्वतःचा अल्बम.

त्यात भर पडते ती ‘निवृत्ती’ या शब्दाची. आपल्या परंपरेत हा कचेरीतला शब्द नव्हे. प्रवृत्ती आणि निवृत्ती अशी जोडी लावून आपण शतकानुशतके विचार केला. ज्ञानदेवांच्या थोरल्या बंधूंचे आणि गुरूंचे नावच निवृत्तिनाथ. त्यामुळे कोणी निवृत्त झाला की तो आपल्याला थोडा संतपदाला पोहोचल्यासारखा वाटतो आणि जो होत नाही तो आसक्त, लोभी, मोहात अडकलेला ठरतो. फलंदाजाचे पाऊल चेंडूच्या टप्प्यापर्यंत पोहोचत नाही, ही शरीराची आणि कौशल्याची गोष्ट. तिचा निवाडा आपण चारित्र्याच्या न्यायालयात करू लागतो.

मराठी रंगभूमी तरी या बाबतीत काय सांगते? ‘नटसम्राट’ १९७० साली रंगमंचावर आले. शिरवाडकरांचे अप्पासाहेब बेलवलकर सन्मानाने, सत्कार स्वीकारून, मिळवलेले सारे मुलांना वाटून रंगभूमीवरून निवृत्त होतात. तथाकथित योग्य वेळी, योग्य रीतीने. शोकांतिका सुरू होते ती तिथून. दुसरीकडे प्रत्यक्षातले बालगंधर्व. १९३५च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात एकनाथ साकारल्यानंतर ते पुन्हा रंगभूमीवर आले आणि वय दिसू लागल्यावरही स्त्रीभूमिका करीत राहिले. त्यांनी थांबायला हवे होते, असे हळहळून सांगणारे रसिक होते. त्यांची हळहळ खोटी नव्हती. पण ज्याला ते पाहवत नव्हते त्याला तिकीट न काढण्याची मुभा होती, आणि त्या स्वरासाठी जे जात राहिले त्यांचा आनंद कोणी हिरावून घेण्याचे कारण नव्हते.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. बालगंधर्व स्वतःच्या बळावर प्रयोग उभा करीत. भारतीय संघात जागा अकराच असतात. थकलेला नट रंगमंचावर राहिला तर तो फार तर स्वतःची कीर्ती उणी करील. थकलेला फलंदाज संघात राहिला तर बाहेर कोणीतरी ताटकळत बसतो. मान्य. सचिनच्या अखेरच्या वर्षांत नेमके हेच घडले. जानेवारी २०११ मध्ये केप टाऊनला त्याने १४६ धावा केल्या, ते त्याचे ५१वे आणि शेवटचे कसोटी शतक. त्यानंतर तो आणखी २३ कसोटी खेळला. ओव्हलला ९१, वानखेडेवर ९४ असे डाव झाले, शतक एकही नाही. २०१२च्या अखेरीस इंग्लंडविरुद्धच्या घरच्या मालिकेत त्याच्या एकूण धावा ११२. शंभरावे आंतरराष्ट्रीय शतक मार्च २०१२ मध्ये ढाक्यातील मिरपूरला झाले तोवर वर्ष लोटले होते, आणि त्या वर्षात संघाच्या जयापजयापेक्षा त्या आकड्याचीच चर्चा अधिक झाली. तो सामना भारत बांगलादेशाकडून हरला, हेही कित्येकांच्या लक्षात नाही.

या काळात अजिंक्य रहाणे संघाबरोबर हिंडत होता. त्याला पहिली कसोटी मिळाली मार्च २०१३ मध्ये. आणि रोहित शर्मा? त्याचे कसोटी पदार्पण झाले नोव्हेंबर २०१३ मध्ये, सचिनच्या निरोपाच्या मालिकेत. कोलकात्याला १७७ आणि सचिनच्या दोनशेव्या, अखेरच्या कसोटीत वानखेडेवर नाबाद १११. ज्याने इतकी वाट पाहिली, त्याच्यावरच अकरा वर्षांनी ‘जागा सोड’ म्हणून ओरडण्याची वेळ आली.

पण मग दोष कोणाचा? आम्ही तेव्हा म्हणालो, सचिनचा. हे उत्तर चुकीचे होते, आणि ते त्याच्याच कारकिर्दीवरून सिद्ध करता येते. मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्ध एका धावेवर बाद होऊन परतणाऱ्या सचिनची वानखेडेवरच्याच काही प्रेक्षकांनी हुर्यो उडवली होती. २००७च्या विश्वचषकात भारत पहिल्याच फेरीत गारद झाल्यावर इयान चॅपल यांच्यासारख्या जाणत्या माजी कर्णधाराने त्याने थांबावे असे लिहिले. समजा, त्याने ऐकले असते. मग डिसेंबर २००८ मध्ये चेन्नईला ३८७ धावांचा पाठलाग पुरा करणारे नाबाद शतक नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये ग्वाल्हेरला पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधले पहिले द्विशतक नाही. २०१० या एका वर्षातली सात कसोटी शतके नाहीत. २०११चा विश्वचषक नाही. लेखणीवाले २००७ मध्ये चुकले आणि २०१२ मध्ये बरोबर ठरले. दोन्ही वेळा त्यांचा आवाज मात्र सारख्याच खात्रीचा होता. खेळाडूला आतून ऐकू येणारा आवाजही दोन्ही वेळा एकच असणार: ‘अजून होईल.’ या श्रद्धेवाचून कोणी चोवीस वर्षे खेळू शकत नाही. तीच श्रद्धा त्याने एका ठरावीक सकाळी स्वतः मोडून टाकावी, ही अपेक्षा अमानुष आहे.

म्हणूनच निवड समिती असते. ती बाहेरून पाहते, तिला वाट पाहणारे दिसतात, तिच्यापुढे कोष्टक असते. गंमत अशी, की हे काम कसे करावे याचा धडाही मर्चंटांनीच घालून दिला. १९७१च्या वेस्ट इंडिज दौऱ्यासाठी निवड समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी आपले निर्णायक मत टाकून पतौडींच्या जागी अजित वाडेकरांना कर्णधार केले. पतौडी आपण होऊन बाजूला होतील, याची वाट पाहिली नाही. वाडेकरांनी त्या वर्षी वेस्ट इंडिजमध्ये आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकल्या. पुढे १९७४च्या इंग्लंडमधील पराभवानंतर वाडेकरांनाच पश्चिम विभागाच्या संघातून वगळले गेले आणि ते निवृत्त झाले. हा निर्णय रुक्ष होता, काहींना तो कृतघ्नपणाचाही वाटेल. पण तो घ्यायचा त्यांनी घेतला. कोणी वाडेकरांच्या विवेकबुद्धीला साकडे घालत बसले नाही. मर्चंटांचे वचन पाठ करणाऱ्यांनी मर्चंटांची ही कृतीही लक्षात ठेवावी.

२०१२ मध्ये काय झाले? तत्कालीन निवड समितीचे अध्यक्ष संदीप पाटील यांनी मुदत संपल्यावर, २०१६ मध्ये, सांगितले की डिसेंबर २०१२ मध्ये समितीने सचिनला भेटून पुढचा विचार विचारला. निवृत्तीचा विचार नाही, असे तो म्हणाला. समितीचे मात्र एकमत झाले होते. मग सचिननेच एकदिवसीय क्रिकेटमधून निवृत्त होत असल्याचे कळवले. कळवले नसते तर त्याला वगळले असते, असेही पाटील म्हणाले. पाटील यांच्या समितीने निदान प्रश्न विचारला, एवढे श्रेय तिला द्यायला हवे. तरी कसोटीचा निर्णय त्यानंतरही जवळजवळ वर्षभर सचिनवरच सोडलेला राहिला. एवढ्या मोठ्या खेळाडूला वगळल्याची बातमी व्हायला नको म्हणून त्याच्या निवृत्तीची वाट पाहायची, हा आदर नव्हे. आपले ओझे त्याच्या डोक्यावर देणे आहे.

याच्या उलट चित्र २०२५च्या ऑक्टोबरात दिसले. रोहित एकदिवसीय क्रिकेट खेळत होता, पण कर्णधारपद निवड समितीने काढून शुभमन गिलकडे दिले. मार्चमध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली आणि अंतिम सामन्यातल्या त्याच्या ७६ धावांनिशी भारताने चॅम्पियन्स करंडक जिंकला होता, तरीही दिले. समितीचा निर्णय बरोबर की चूक यावर वाद घालता येईल, पण प्रश्न योग्य माणसांनी सोडवला. आणि रोहितने काय केले? ऑस्ट्रेलियात जाऊन, जानेवारीत ज्या सिडनीत तो बाहेर बसला होता तिथेच, अडतिसाव्या वर्षी नाबाद १२१ धावा काढल्या. दोघांनी आपापले काम केले. आम्हाला हवे आहे ते एवढेच.

शेवटी एक गोष्ट आमच्या गावाकडची. आम्हा शिक्षकांच्या निवृत्तीची तारीख नोकरीच्या पहिल्या दिवशीच ठरलेली असते. सेवापुस्तकातल्या जन्मतारखेवरून कोणीही ती सांगू शकतो. ती आली की निरोपसमारंभ, शाल, श्रीफळ. आमच्या मनाची तयारी कोणी विचारत नाही, आणि ते बरेच आहे. उलट, दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यातून ऊसतोडीला बाहेर पडणाऱ्या नवराबायकोला, मुकादमाच्या हिशेबातल्या एका ‘कोयत्या’ला, निवृत्तीच नाही. कंबर साथ देईनाशी झाली की उचल मिळेनाशी होते, इतकेच. तिथे ‘योग्य वेळी थांबा’ असे सांगायला कोणी जात नाही. योग्य वेळी थांबण्याचे तत्त्वज्ञान ज्यांना थांबणे परवडते त्यांच्यासाठीच असते. आणि त्यांच्याकडूनही आपण ते मागतो ते त्यांच्या भल्यासाठी नव्हे, आपल्या करमणुकीला शोभिवंत शेवट मिळावा म्हणून.

तेव्हा यापुढे एखादा थोर खेळाडू थकलेला दिसला, तर आम्ही त्याने निवृत्त व्हावे असे लिहिणार नाही. त्याला घेऊ नका, असे निवड समितीला उद्देशून, कारणे देऊन, नाव घेऊन लिहू. त्याला पाहिजे तर त्याने रणजी खेळावे, क्लबचे सामने खेळावेत, पन्नाशीपर्यंत खेळावे. त्याचा शेवट कुठे करायचा हे आमच्या लेखणीने ठरवायचे नाही, हे रोहितचे म्हणणे आम्हाला मान्य आहे.