शेजाऱ्याला हरवायचं असेल तर

अमेरिकेत शाळा-कॉलेजच्या संघातून फुटबॉल खेळणाऱ्या आपल्या मराठी मुलांशी आणि त्यांच्या आई-वडिलांशी बोलायचं आहे. हा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन पळायचा, हेल्मेट घालून अंगावर अंग झेलायचा खेळ. वर्षातून एकदा जुन्या प्रतिस्पर्ध्याशी गाठ पडते आणि सगळं गाव पेटून उठतं. मुलांनो, त्या दिवशी तुम्हाला ईर्ष्या कमी पडणार नाही. पण तेवढीच ईर्ष्या समोरच्यांकडेही असते. सामना निसटतो तो बारीकसारीक कामांत.

पहिलं, लाथेचा खेळ हलका घेऊ नका. मिशिगन आणि ओहायो स्टेट ही शेजारच्या राज्यांतली दोन विद्यापीठं 1897पासून एकमेकांशी झुंजताहेत. 1950चा त्यांचा सामना ओहायो स्टेटच्या गावी, कोलंबसला, भर हिमवादळात झाला. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकणं मिशिगनला त्या दिवशी एकदाही जमलं नाही. त्यांचा एकही पास हाती लागला नाही. तरी ते 9-3 जिंकले! कारण ओहायोनं लाथेनं दूर टोलवायला घेतलेले चेंडू, म्हणजे पंट, मिशिगननं अडवले. एकावर दोन गुण मिळाले, दुसऱ्यावर टचडाउन. हा दुसरा पंट तर मध्यंतराला जेमतेम 47 सेकंद उरले असताना ओहायोनं तिसऱ्याच प्रयत्नात मारायला घेतला होता. कोचनं पंटचा सराव लावला की पाणी प्यायला पळणाऱ्या पोरांनी हा सामना जरूर वाचावा.

दुसरं, चेंडू जपा. 1969मध्ये ओहायो सलग 22 सामने जिंकून आलेला, देशात पहिल्या क्रमांकाचा संघ होता. आदल्याच वर्षी त्यांनी मिशिगनला 50-14 असं झोडपलं होतं. मिशिगनचे नवे कोच बो शेम्बेक्लर हे ओहायोच्या वुडी हेज यांच्याच हाताखाली खेळलेले आणि त्यांचे सहायक राहिलेले. गुरूचे डावपेच त्यांना पाठ होते. त्यांच्या संघानं ओहायोचे सहा पास मधल्यामधे पकडले आणि 24-12नं बाजी मारली. 2024मध्ये पाच सामने हरलेल्या मिशिगननं दुसऱ्या क्रमांकाच्या ओहायोला त्यांच्याच मैदानात 13-10 हरवलं. ओहायोनं दोन पास प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिले, दोन फील्ड गोल चुकवले. तीन गुणांनी हरलेल्या संघाला हे किती महागात पडलं ते बघा.

आणि लाइनमधल्या जाडजूड मुलांचे लाड करा. त्यांचं नाव पेपरात येत नाही, पण वाट तेच मोकळी करतात. सलग आठ पराभवांनंतर 2021मध्ये मिशिगन 42-27 जिंकलं, तेव्हा हसन हॅस्किन्सनं पाच टचडाउन केले ते पुढच्या पाच जणांनी भिंत फोडून दिली म्हणून. आई-वडिलांनो, तुमचा मुलगा लाइनमध्ये असेल तर त्याचे पाय कसे चालतात ते बघायला शिका. स्कोअरबोर्डवर त्याचं काम दिसणार नाही.

एक कळकळीचं मागणं. जिंकल्यावर समोरच्यांच्या मैदानात झेंडा रोवायला जाऊ नका. 2024च्या त्या सामन्यानंतर त्यावरूनच मारामारी झाली, पोलिसांना मिरपूड फवारावी लागली आणि दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी एक लाख डॉलर दंड झाला. हात मिळवा आणि सरळ ड्रेसिंग रूममध्ये जा.