नाव एक, औषधे तीन

२०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले आणि सोलापुरातल्या कितीतरी घरांत 'अँफो' हा शब्द रोजचा झाला. नातेवाईक चिठ्ठी घेऊन पुण्या-हैदराबादपर्यंत फोन लावत होते. समोरून विचारणा व्हायची, ''साधे हवे, लिपोसोमल की इमल्शन?'' बहुतेकांकडे याचे उत्तर नव्हते, कारण चिठ्ठीवर फक्त अँफोटेरिसिन बी एवढेच लिहिलेले असे.

तिन्हींतले मूळ औषध एकच. पण ते पाण्यात धड विरघळत नाही, म्हणून त्याला वाहन लागते. साध्या इंजेक्शनात हे काम पित्तातल्या क्षारासारखा एक पदार्थ करतो. औषध बुरशीच्या पेशीच्या आवरणाला भोके पाडते, पण आपल्या पेशींतल्या कोलेस्टेरॉललाही थोडेफार चिकटते. त्याचा फटका मूत्रपिंडाला बसतो. लिपोसोमलमध्ये तेच औषध १०० नॅनोमीटरपेक्षा लहान स्निग्ध गोळीच्या भिंतीत बसवलेले असते आणि बुरशीपर्यंत पोहोचेपर्यंत ते बरेचसे तिथेच राहते.

ते तिथे किती टिकते, हे भिंतीच्या घटकांवर ठरते. बार्शीच्या बाजारात सोयाबीनचे ढीग आपण पाहतो. त्याच्या कच्च्या तेलातून जो चिकट गाळ वेगळा काढतात, त्यात लेसिथिन असते. ते तसेच वापरले तर भिंत शरीराच्या उष्णतेला मऊ राहते आणि औषध लवकर झिरपते. म्हणून जास्त वापरात असलेल्या लिपोसोमलमध्ये त्यावर हायड्रोजनची प्रक्रिया करतात. तेलाचे वनस्पती तूप होते तेच हे तंत्र, फक्त इथे घट्टपणा रुग्णाच्या कामी येतो. कोलेस्टेरॉल भिंतीतल्या फटी बुजवते. ऋणभार असलेला आणखी एक स्निग्ध पदार्थ औषधाला धरून ठेवतो. औषधाची भुकटी करताना गोळ्या फुटू नयेत म्हणून साखर घालतात आणि स्निग्धांश खवट होऊ नये म्हणून ई जीवनसत्त्व.

या घडणीचे औषध मिठाच्या पाण्यात मिसळले तर त्याचा साका बसतो. ते ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच द्यावे लागते. आपल्याकडे कुठल्याही बाटलीला 'सलाइन' म्हणतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या चमूने दिल्ली विद्यापीठातील संशोधकांच्या साथीने देशी लिपोसोमल अँफोटेरिसिन घडवले. त्याची घडण वेगळी, देण्याआधी ते ध्वनिलहरींच्या यंत्रात हलवावे लागते आणि मात्राही निराळी. म्हणजे 'लिपोसोमल' या एका शब्दातही सगळे आले असे नाही. मे २०२१ मध्ये वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसने बनवायला घेतले ते इमल्शन, म्हणजे तेलाचे बारीक थेंब. सात हजारांच्या आसपास मिळणारे इंजेक्शन बाराशे रुपयांत मिळेल, अशी त्या वेळची बातमी होती. टंचाईत ते मोलाचेच होते. मात्र इमल्शन म्हणजे लिपोसोमल नव्हे, हे बातम्यांच्या गर्दीत फारसे कुणी सांगितले नाही.

मात्रेचा फरक तर जीवावरचा आहे. लिपोसोमल दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅमपर्यंत सर्रास देतात. साधे इंजेक्शन दीड मिलिग्रॅमच्या पुढे देऊ नये, अशी ठळक सूचना असते, कारण त्यापुढे हृदय बंद पडण्याचा धोका आहे. एकाच्या जागी दुसरे आले आणि मात्रा तीच राहिली, तर काय होईल याचा हिशेब करायला डॉक्टर असावे लागत नाही.

स्वस्त पर्यायी औषधांचा मी समर्थक आहे. पॅरासिटामॉलची कंपनी बदलली तर बिघडत नाही. इथे मात्र वाहन बदलले की औषधच बदलते. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली, ती कारखान्यासाठी आणि परवान्यासाठी. चिठ्ठी, औषधाचे बिल आणि वॉर्डातला तक्ता यांच्यापर्यंतही तीच शिस्त यायला हवी. तिन्ही ठिकाणी औषधाच्या नावापुढे प्रकार, कंपनीचे नाव आणि किलोमागची मात्रा लिहिणे सक्तीचे करावे. प्रकार बदलायचा झाला तर दुकानदाराने परस्पर न बदलता डॉक्टरांकडून नवी चिठ्ठी घ्यावी. नातेवाइकांनीही कुपी हातात आली की चिठ्ठीशी ताडून पाहावी आणि शब्द जुळत नसेल तर नर्सला तिथेच थांबवून विचारावे.