सत्याला पत्ता असतो का?

जबलपूरच्या भंवरताल उद्यानातल्या मौलश्रीला, म्हणजे आपल्या बकुळीला, ओशोंच्या अनुयायांच्या लेखी तीर्थाचे स्थान आहे. २१ मार्च १९५३ च्या रात्री याच झाडाखाली आपल्याला आत्मबोध झाला, असे ओशो सांगत. तेव्हा ते एकवीस वर्षांचे विद्यार्थी होते, रजनीश नावाचे. पुढे जबलपूर विद्यापीठातच ते तत्त्वज्ञान शिकवू लागले आणि १९६६ मध्ये त्यांनी नोकरी सोडली.

‘मी कोण?’ हा प्रश्न त्यांच्याही आधी थिऑसॉफीने सुशिक्षित घरांत नव्याने आणला होता. मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट यांनी १८७५ मध्ये न्यूयॉर्कला स्थापलेली ही सोसायटी १८७९ मध्ये मुंबईत आली आणि गिरगावात राहिली. सत्याहून मोठा धर्म नाही, हे तिचे ब्रीद. सर्व धर्मांच्या मुळाशी एकच ज्ञान आहे, आत्मा जन्मोजन्मी शिकत वर चढतो आणि सिद्ध पुरुष त्याला वाट दाखवतात, अशी तिची मांडणी.

याच सोसायटीत जे. कृष्णमूर्ती वाढले. ते भावी जगद्‌गुरू ठरतील, या श्रद्धेने १९११ मध्ये त्यांच्यासाठी वेगळी संघटना उभी राहिली. पण ३ ऑगस्ट १९२९ रोजी हॉलंडमधील ओमेन येथे, अ‍ॅनी बेझंट यांच्यासमक्ष, त्यांनी ती स्वतःच विसर्जित केली. सत्याकडे ठरलेला रस्ता जात नाही आणि कोणतीही संस्था माणसाला तिथे पोहोचवू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे. ज्याला आपण ‘मी’ म्हणतो तो आठवणींचा आणि विचारांचा साठा आहे. त्याच्याकडे नीट पाहा, एवढेच ते सांगत राहिले.

रजनीशांनीही साक्षीभावाने पाहायलाच सांगितले. मात्र १९७० पासून ते शिष्यांना संन्यासदीक्षा देऊ लागले. म्हणजे एकाने पायऱ्या सांगितल्या, दुसऱ्याने जिनाच काढून टाकला, तिसऱ्याने उडी मारायला सांगितली आणि हातही पुढे केला!

यांतले खरे कोणते, याचा निवाडा वाचकाने आपल्या अनुभवाने करायचा. पण गुरूचा हात धरताना एक खबरदारी हवीच. अमेरिकेतील ओरेगॉनमध्ये १९८४ साली रजनीशांच्या आश्रमातील काही जणांनी उपाहारगृहांतल्या कोशिंबिरींत रोगजंतू मिसळले आणि ७५१ माणसे आजारी पडली. या प्रकरणी रजनीशांच्या निकटच्या सहकाऱ्यांना तुरुंगवास झाला. ‘मी’ सोडायला निघालेली माणसे स्वतःची सदसद्विवेकबुद्धीही सोडून बसली होती.

घरात आजी जपमाळ ओढते, सून विपश्यनेला जाते, नातू कशालाच मानत नाही. तिघे एका पंगतीला सुखाने जेवत असतील तर काळजीचे कारण नाही. काळजी तेव्हा करावी, जेव्हा कुणी म्हणेल, ‘आता प्रश्न विचारू नका.’ अहंकार जरूर सोडावा. प्रश्न विचारण्याचा हक्क मात्र कुणाच्याही पायाशी ठेवू नये.