जाकार्त्याचा कैदी आणि जिनिव्हातली फाईल

गावातला एखादा कार्यकर्ता पोलिसांनी उचलला, तर तुम्ही काय करता? पंचवीस-तीस माणसं जीप, ट्रॅक्टर मिळेल त्यात बसून तालुक्याच्या ठाण्यावर जातात. कुणी आमदाराला फोन लावतं, कुणी वकील शोधतं. दारात माणसं दिसली की साहेबही जरा सबुरीनं घेतात. पण उचलणारं खुद्द देशाचं सरकारच असलं आणि वृत्तपत्रांची तोंडं बांधलेली असली, तर जायचं कुणाच्या दारात?

इंडोनेशियातल्या कामगारांपुढे तीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न होता. आज तो विषय काढायला कारण आहे. १० नोव्हेंबर २०२५ रोजी त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी ‘राष्ट्रीय वीर’ म्हणून काही नावं जाहीर केली. त्यात एक नाव सुहार्तो यांचं; तीस वर्षांहून जास्त काळ त्यांनी लष्कराच्या जोरावर राज्य केलं. त्याच यादीत दुसरं नाव मार्सिनाचं. त्यांच्याच राजवटीत मारली गेलेली, घड्याळाच्या कारखान्यातली कामगार मुलगी. ज्याच्या राज्यात मारली गेली त्याच्याच पंक्तीला तिचं पान वाढलं, असाच हा प्रकार. तिच्याकडे नंतर येऊ. आधी त्याच काळातल्या एका कैद्याची हकीकत ऐका.

मुख्तार पाकपाहन हा सुमात्रा बेटावरच्या मळा-मजुराचा मुलगा. आईबाप लवकर गेले. मेदान शहरात सायकलरिक्षा ओढून तो कायदा शिकला, पुढे डॉक्टरेटपर्यंत गेला. त्या वेळी देशात सरकारमान्य अशी एकच कामगार संघटना होती, आणि ती कुणाच्या तालावर चालायची हे सांगायला नको. पाकपाहननं १९९२ साली वेगळी संघटना काढली. सरकारनं तिला मान्यता दिली नाही.

एप्रिल १९९४ मध्ये मेदानला हजारो कामगार मजुरीवाढीसाठी रस्त्यावर आले. मोर्चाला पुढे वाईट वळण लागलं. चिनी वंशाच्या लोकांची दुकानं फुटली, एका कारखानदाराचा जीव गेला. ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण सरकारनं त्याचं खापर संघटनेवर फोडलं, आणि ऑगस्टमध्ये चिथावणीच्या आरोपाखाली पाकपाहनला अटक झाली. तीन वर्षांची शिक्षा झाली. अपिलात कमी व्हायची ती चार वर्षं झाली!

आता बाहेरचं जग कुठं आलं ते पाहा. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची कचेरी आहे. ही संघटना आपल्याला परकी नाही. १९१९ साली वॉशिंग्टनला तिची पहिली परिषद भरली, तेव्हा भारतातल्या कामगारांच्या वतीनं आपले ना. म. जोशीच गेले होते. तिथं १९५१ पासून संघटना-स्वातंत्र्याची एक समिती आहे. तिचं वैशिष्ट्य असं, की एखाद्या देशानं संघटना-स्वातंत्र्याच्या करारावर मान्यतेची मोहोर उमटवलेली नसली, तरी त्याच्याविरुद्ध तक्रार चालते. जगभरच्या कामगार महासंघांनी पाकपाहनची तक्रार तिथं नेली. फाईल उघडली, आणि जाकार्त्याला लेखी उत्तरं देणं भाग पडलं. समितीकडे पोलीस नाहीत, तुरुंगाच्या किल्ल्याही नाहीत. पण फाईल बंद होत नाही, हा सरकारांना होणारा खरा त्रास. तहसील कचेरीत ज्यांनी हेलपाटे घातलेत त्यांना फाईलची ताकद वेगळी सांगायला नको!

दुसरा दाब पैशाचा होता. गरीब देशांच्या काही मालावर अमेरिका आयात शुल्क माफ करत असे. भारतालाही ही सवलत २०१९ पर्यंत होती. इंडोनेशियात कामगारांचे हक्क पाळले जात नाहीत, म्हणून ती सवलत काढा, असा अर्ज मानवी हक्कवाल्यांनी १९९२ साली अमेरिकेत केला. चौकशी लागली आणि इंडोनेशियानं झटपट किमान वेतन वाढवलं. मग फेब्रुवारी १९९४ मध्ये अमेरिकेनं चौकशी स्थगित केली. सहा महिन्यांत पाकपाहन आत. महिने मोजा, म्हणजे परक्याच्या दाबाचा भरवसा किती धरायचा ते कळेल. मजुरांचं नाव पुढे करून श्रीमंत देश आपलाच बाजार राखतात, असा संशय भारतानं नेहमी घेतला. तो अगदीच खोटा नाही. पण त्या संशयाच्या आडून आपल्या मजुराला गप्प बसवणंही सोपं जातं.

१९९५ साली तो सुटला. सर्वोच्च न्यायालयानं शिक्षाही रद्द केली. पण जुलै १९९६ मध्ये जाकार्त्यात दंगल उसळली आणि त्याला पुन्हा धरलं. या वेळी कलम लावलं ते राजद्रोहाच्या तोडीचं, ज्यात फाशीही होऊ शकली असती. त्यात सुटकेचा जुना निकाल त्याच न्यायालयानं फिरवला! तुरुंगात फुप्फुसाचं दुखणं निघालं. जगभरातून मागण्या चालूच होत्या, पण दार उघडलं नाही. ते उघडलं मे १९९८ मध्ये. महागाईनं आणि आंदोलनानं सुहार्तोंची खुर्ची गेली आणि चार-पाच दिवसांत पाकपाहन बाहेर आला. म्हणजे दार उघडलं ते घरच्या माणसांनी. बाहेरच्यांनी तोवर कैद्याचं नाव विसरू दिलं नाही. लगेच जूनमध्ये नव्या सरकारनं करार क्रमांक ८७ मान्य केला. २०२१ साली तो वारला.

हा करार भारतानं अजून मान्य केलेला नाही. आपल्या सरकारची अडचण सांगितली जाते ती तुमच्यातल्याच काहींची, म्हणजे सरकारी नोकरांची. करारातले काही हक्क सेवानियमांत बसत नाहीत. शेतमजूर, कुळं आणि छोटे शेतकरी यांच्या संघटनांचा करार क्रमांक १४१ मात्र भारतानं १९७७ सालीच मान्य केला आहे. ऊसतोड मजुरांची किंवा वाटेकऱ्यांची संघटना बांधणाऱ्यांनी हा आकडा टिपून ठेवावा.

आता मार्सिना. पूर्व जावातल्या खेड्यातून आलेली, २४ वर्षांची. मे १९९३ मध्ये तिच्या कारखान्यात संप झाला. मागणी एवढीच, की रोजची मजुरी १,७०० वरून २,२५० रुपिया करा. तिच्या सोबत्यांना लष्कराच्या कचेरीत बोलावून राजीनामे लिहून घेतले. त्यांची चौकशी करायला ती गेली, आणि त्याच रात्री नाहीशी झाली. काही दिवसांत प्रेत सापडलं. ज्यांना शिक्षा झाली होती ते १९९५ साली सर्वोच्च न्यायालयातून सुटले. खुनी कोण, हे आजवर ठरलेलं नाही. तिच्यामागे मोठी संघटना नव्हती आणि डॉक्टरेटही नव्हती. ती जिवंत असताना जिनिव्हात तिच्या नावाची फाईल कुणी उघडलेली नव्हती. जगाला तिचं नाव कळलं ते मेल्यावर.