सेल्फ किती दिवस टिकतो?

गाडी सुरू होईना की गिऱ्हाईक पहिले विचारते, "उस्ताद, सेल्फ इतक्या लवकर कसा गेला?" आपले कारागीर उत्तर देतात ते किलोमीटरमध्ये: लाख, सव्वा लाख, दीड लाख. हा हिशेब अपुरा आहे. सेल्फ गाडी धावताना झिजत नाही, किल्ली फिरवताना झिजतो. घरची गाडी दिवसातून 4 वेळा सुरू होते, म्हणजे वर्षाला सुमारे 1,500 वेळा. दुकानोदुकानी माल टाकणारा टेम्पो 40 वेळा सुरू झाला, तर 300 दिवसांत 12,000 वेळा. दोघांचे कार्बन ब्रश सारखे टिकतील कसे?

सेल्फ जाण्याआधी सूचना देतो. किल्ली दोन-तीनदा फिरवावी लागते. कधी मोटार नुसतीच फिरते, कधी दात घासल्याचा कर्कश आवाज येतो. नुसते 'टक्' वाजले, तर मात्र दोष पुष्कळदा सेल्फचा नसतोच; बॅटरी उतरलेली असते, टर्मिनलवर थर साचलेला असतो, अर्थची तार सैल असते. मीटर लावायला पाच मिनिटे पुरतात. भरलेली बॅटरी बंद गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना ती 9.6 च्या खाली घसरली, तर आधी बॅटरी तपासावी.

ही पाच मिनिटे न देता अख्खा सेल्फ गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणे, भंगारातला सेल्फ रंगवून नवा म्हणून विकणे, हे आपल्या बाजारात होत नाही, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? मदिनेच्या बाजारात प्रेषितांनी (स.) धान्याच्या राशीत हात घातला आणि आतला ओलावा दाखवून व्यापाऱ्याला जाब विचारला, हा प्रसंग आपण खुत्ब्यात कितीदा ऐकला आहे. रंगवलेला सेल्फ ही तीच रास आहे.

जुना माल विकण्यात गैर काही नाही. नीट बांधलेला सेल्फ उत्तम चालतो आणि गरीब टेम्पोवाल्याला तोच परवडतो. तो जुना आहे एवढे मात्र तोंडाने सांगावे आणि पावतीवर लिहावे. कंपनीच्या वर्कशॉपात जास्त पैसे मोजून गिऱ्हाईक जाते ते संशयापायी, असे माझे मत आहे. त्यातच विजेवरच्या गाड्यांना हा सेल्फ लागतच नाही, तेव्हा हे काम पुढे घटणारच. आहे ते गिऱ्हाईक टिकवायचे, तर काढलेले ब्रश आणि बुश कागदात गुंडाळून त्याच्याच हाती द्यावेत. मागितले नाहीत तरी.