विश्रांतीला सबब कशाला?

थकलेल्या माणसाने ‘आज मी थकलो आहे’ असे म्हणणे ही तशी अगदी साधी गोष्ट. परंतु हे वाक्य फार थोड्या वेळा कानी पडते. त्याच्याऐवजी निरनिराळी कारणे ऐकू येतात. घरकाम करणारी बाई म्हणते, ‘ताई, उद्या पाहुणे यायचेत, माझा खाडा होईल.’ कारखान्यातील कामगार गावाकडच्या जत्रेचे निमित्त सांगतो. कचेरीतील कारकून ताप आल्याचा निरोप पाठवतो. पुष्कळदा पाहुणे येणार नसतात, जत्रा होऊन गेलेली असते आणि तापही नसतो. असतो तो केवळ शिणवटा. पण शिणवटा हे पुरेसे कारण आहे, असे सांगणाऱ्यालाही वाटत नाही आणि ऐकणाऱ्यालाही वाटत नाही.

या मनोवृत्तीच्या खुणा भाषेतही उमटल्या आहेत. ‘सबब’ या मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘कारण’ एवढाच. अर्जाच्या भाषेत तो आजही ‘म्हणून’ अशा सरळ अर्थाने येतो : ‘सबब, दोन दिवसांची रजा मंजूर व्हावी, ही विनंती.’ बोलण्यात मात्र ‘सबब सांगणे’ म्हणजे खोटे कारण पुढे करणे. ‘रजा’ या शब्दाच्या मुळाशी संमतीचा, परवानगीचा अर्थ आहे. म्हणजे रजा ही दुसऱ्याने द्यावयाची. ‘सुटी’चे नाते ‘सुटणे’ या क्रियापदाशी आहे. आणि सुटतो तो, जो आधी बांधलेला असतो. ‘विश्रांती’ या शब्दात मात्र ‘श्रम’ आहे. श्रमांचा परिहार म्हणजे विश्रांती. ज्याने श्रम केले, त्याला ती हवीच, इतका सरळ हिशेब या शब्दात आहे.

शेतीवर जगणाऱ्या समाजाला विश्रांतीचे मोल ठाऊक नव्हते, असे नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने चोळतात आणि पोळ्याच्या दिवशी त्यांच्या मानेवर जू ठेवत नाहीत. बैलाला सबब सांगता येत नाही. म्हणून परंपरेनेच त्याच्यासाठी एक दिवस राखून ठेवला. नागपंचमीला चिरणे, तळणे, चुलीवर तवा ठेवणे वर्ज्य मानले जाते. सासुरवाशिणीला त्या सणानिमित्त माहेरी जाता येई, झाडाला बांधलेल्या झोक्यावर बसता येई. मात्र ही विश्रांती देवाधर्माच्या नावाने मिळे, थकलेल्या जीवाच्या नावाने नव्हे. आणि तीही वर्षातून एखाद-दुसऱ्या दिवशी.

गावातील माणूस गिरणीच्या भोंग्यावर चालू लागला, तेव्हा सणांचा हा आधारही सैल झाला. एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या कापड गिरण्यांत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले आणि आठवड्याची ठरावीक सुटी नसे. सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची सभा भरवून मागण्यांचे निवेदन तयार केले. त्यावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुटी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती, या त्यातील प्रमुख मागण्या होत्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे भरलेल्या सभेला सुमारे १०,००० कामगार आले आणि दोन स्त्री कामगारांनीही तेथे भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली. या लढ्याचा विशेष हा, की त्या कामगारांनी आजाराची, पाहुण्यांची किंवा जत्रेची सबब सांगितली नाही. माणूस थकतो आणि त्याला विसावा हवा असतो, हे सत्य त्यांनी उघडपणे मांडले.

त्यानंतर विश्रांतीला कायद्याचा आधार मिळत गेला. १८९१ च्या कारखाने कायद्यात साप्ताहिक सुटीची तरतूद झाली. संयुक्त राष्ट्रसंघाने १९४८ मध्ये जाहीर केलेल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील चोविसाव्या कलमाने विश्रांती व फुरसत हा प्रत्येक माणसाचा हक्क मानला. तरीही हक्क कागदावरून माणसापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. दुकानांतून दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या विक्रेत्या स्त्रियांना बसण्याचा हक्क मिळावा, यासाठी केरळमध्ये २०१८ साली आणि तमिळनाडूमध्ये २०२१ साली कायद्यात दुरुस्ती करावी लागली. क्षणभर टेकावे, एवढ्यासाठीही कायदा लागावा, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

कायद्याचा हात जेथे पोहोचत नाही, तेथील स्थिती अधिक कठीण आहे. रोजंदारीवरील मजुराचा एक खाडा म्हणजे एका दिवसाच्या मजुरीला मुकणे. घरातील गृहिणीला तर अर्ज कोणाकडे करावा, हाच प्रश्न असतो. रविवारी घरातील सर्वांना सुटी असते, म्हणून तिचे काम वाढते. ती आजारी पडली, तरच तिच्या विश्रांतीला घराची मान्यता मिळते. दिवसभर काम करून रात्री पुस्तक उघडणारे प्रौढ विद्यार्थीही डोळे मिटू लागले, की स्वतःलाच आळशी ठरवतात.

येथे कोणी म्हणेल, की विश्रांतीचे असे कौतुक केले, तर आळसाला ऊत येईल. ही शंका अगदीच निराधार नाही. पण आळस श्रमांपूर्वी येतो, विश्रांती श्रमांनंतर येते. आळसाने काम टळते, विश्रांतीने ते पुढे नीट होते. यंत्रावर पेंगणाऱ्या कामगाराच्या हाताला इजा होण्याचा धोका असतो. दुसरे कोणी म्हणेल, की सबब ही एक सभ्यता आहे. तिच्यामुळे समोरच्याचे मन दुखावत नाही. हेही काही अंशी खरे आहे. लग्नाचे आमंत्रण देणाऱ्याला ‘जमल्यास नक्की येऊ’ असे म्हणण्यात त्याचा मान राखला जातो. मनातील प्रत्येक गोष्ट उघड केलीच पाहिजे, असेही नाही. मात्र नकार सौम्य शब्दांत देणे वेगळे आणि नसलेला ताप आणणे वेगळे. आज खोटा ताप सांगणाऱ्याचा उद्याचा खरा तापही कोणाला खरा वाटत नाही.

‘आज मला जमणार नाही, उद्या करतो’ एवढे वाक्य पुरेसे नम्र आहे आणि पुरेसे खरेही आहे. पण ते बोलण्याचे धैर्य एकट्या थकलेल्या माणसाकडून अपेक्षिणे योग्य नव्हे. ज्याची मजुरी किंवा नोकरी दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून आहे, तो सबब शोधणारच. म्हणून अधिक जबाबदारी ऐकणाऱ्याची आहे. घरकाम करणाऱ्या बाईला ठरलेली साप्ताहिक सुटी मिळाली आणि ती पगारातून कापली गेली नाही, तर तिला पाहुण्यांचे निमित्त शोधावे लागणार नाही. घरातील इतरांनी एका वेळची चूल सांभाळली, तर गृहिणीला विसाव्यासाठी आजारी पडावे लागणार नाही. ज्या घरात आणि ज्या कामाच्या ठिकाणी थकवा हे खरे कारण मानले जाते, तेथे खोट्या कारणांची गरज आपोआप कमी होते.