पेटीआधी पाटी वाचा!

अहिल्यानगरच्या औद्योगिक वसाहतीत क्रॉम्प्टन ग्रीव्हज्‌च्या विद्युत मोटारी घडत आल्या. लार्सन अँड टुब्रोने याच शहरात स्विचगिअरचा कारखाना उभारला. या कारखानदारीने जिल्ह्याला रोजगार दिला, तशीच हाताला कसब असलेली फिटर-टर्नरांची पिढीही दिली. त्या पिढीतील कुणी निवृत्तीनंतर घराच्या पडवीत जुने मिलिंग मशीन आणून बसवावे, हे स्वाभाविक आहे आणि कौतुकास्पदही.

अडते ते विजेपाशी. मशीनची मोटार थ्री फेज, ४१५ व्होल्टची. घरात येते ती सिंगल फेज, २३० व्होल्टची. कॅपॅसिटर लावून मोटार ओढण्याची युक्ती आपल्या शेतकऱ्यांना पंपामुळे ठाऊक आहे. पण तिने मोटारीची पुरी ताकद मिळत नाही आणि वाइंडिंग तापते. खरा उपाय व्हीएफडी, म्हणजेच ड्राइव्ह. तो एका फेजमधून तीन फेज घडवतो आणि वारंवारता बदलून वेगही बदलतो.

मात्र 'दोन अश्वशक्तीची मोटार, दोन अश्वशक्तीचा ड्राइव्ह' एवढ्या हिशोबावर स्वस्तातली पेटी उचलणे म्हणजे फसगतीला आमंत्रण होय. सिंगल फेजवर चालणारा सामान्य ड्राइव्ह २३० व्होल्टच्या वर जाऊ शकत नाही. म्हणून आधी मोटारीवरील पाटी वाचावी. तीवर २३०/४१५ असे लिहिले असेल आणि सहा टोके बाहेर असतील, तर स्टार जोडणी बदलून डेल्टा करता येते. त्यासरशी साडेतीन अँपिअरचा प्रवाह सहा अँपिअरवर जातो. ड्राइव्ह निवडायचा तो या आकड्यावर. ३ अश्वशक्ती व त्यापुढील मोटारी बहुधा ४१५ व्होल्टला डेल्टामध्येच असतात. त्या २३० वर जोडल्यास ताकद जेमतेम एक तृतीयांश उरते. तेथे वाइंडिंग नव्याने भरून घेणे किंवा थ्री फेज जोडणी मागणे, हेच मार्ग.

दुसरा मोह पट्टे आणि गिअर काढून टाकण्याचा. १४४० फेऱ्यांची मोटार २५ हर्ट्‌झवर निम्म्या वेगाने फिरते, पण तिची अश्वशक्तीही निम्मी होते. शिवाय पंखा मंदावल्याने ती तापते. पोलादावर मोठे कटर लावताना पट्टाच बदलावा. ड्राइव्ह बारीक फरकासाठी ठेवावा.

सुरक्षिततेत तडजोड नको. पक्के अर्थिंग असावे. धातूचा कीस आत जाऊ नये म्हणून ड्राइव्ह बंद पेटीत, पण हवा खेळेल असा बसवावा. ड्राइव्ह आणि मोटार यांच्यामध्ये स्विच टाकू नये. वीज तोडल्यावरही आतील कॅपॅसिटर काही मिनिटे प्राणघातक भार धरून असतात, हे घरातील मुलांनाही सांगावे. आणि छंदाचा व्यवसाय झाला, की घरगुती जोडणीवर यंत्र चालवणे २००३च्या वीज कायद्याच्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापरात मोडते.

उद्यमशीलता केवळ भांडवलाने येत नाही. जी मोटार आपल्याच जिल्ह्यात घडते, तिची पाटी वाचण्याचे ज्ञान घराघरांत पोहोचले, तर पडवीतली कार्यशाळा उद्याच्या कारखान्याची पायाभरणी ठरेल. ड्राइव्ह बाजारात मिळतो. विवेक मात्र स्वतःच कमवावा लागतो.